डागी कांब

हौसाआत्या कांब उचलते, अंगठा फिरवते
आणि नापास करते.
कऱ्हाडात, बुरूड गल्लीत, तिच्या उंबऱ्याबाहेर
नापासांचा ढीग असतो, चुलीसाठी.
माझं शास्त्र मी तिथून उचलतो.

हेळवाककडचा कळक, ट्रकवर दोन दिवस भिजलेला.
दोन पेरांमध्ये काळ्या रेघा,
सुतासारख्या, उभ्या, मधोमध उकललेल्या,
जणू आतून कुणी नख लावून साल उचकटली.
‘ही काजळी,’ आत्या म्हणते,
‘हिचं सूप पहिल्या पाखडणीला तुटतं.’
तिच्याकडे अजून आहेत: माशी, तीळ, देवी,
आणि उजळ्या पाखात तोडलेल्या कळकावर येणारा
तो पांढुरका, ज्याला ती नावच देत नाही,
नुसतं ‘आगं बाई’ म्हणते.

कॉलेजात हे चालत नाही.
दाढीच्या पात्यानं रेघ आडवी कापायची,
इतकी पातळ की श्वास सोडला तर उडून जाईल.
काचेवर थेंब, थेंबात काप, निळा रंग,
वर काचेची चौकोनी टिकली.
बुडबुडा आला की पुन्हा पहिल्यापासून.
मुल्लामामा सूक्ष्मदर्शकाचा बल्ब बदलून देतात, पुटपुटतात:
नव्यासाठी तीन अर्ज झाले.

मग दिसतात पिशव्या.
एकेकीत आठ बीजाणू, वडापमध्ये बसल्यासारखे.
प्रत्येक बीजाणू दोन खणांचा,
पण खण सारखे नाहीत:
वर एक ऐसपैस, पायथ्याशी दुसरा एवढासा,
भाड्याच्या खोलीत मोरी असावी तसा.
आयोडीन सोडलं. पिशवीचं टोक निळं झालं नाही.
वहीत लिहिलं: नाही.
‘नाही’ हेसुद्धा लक्षण असतं, इनामदार बाई सांगतात,
अर्धं वर्गीकरण ‘नाही’वर उभं आहे.

ओळखीची किल्ली जाड पुस्तकात.
पडदा आहे? चारकडे जा. नाही? अकराकडे.
तपकिरी? पुढे. बिनरंगी? मागे.
एकाचे दोन, दोनाचे चार.
आत्याचा कोयता असाच उतरतो कांबीतून,
फक्त तिला पानं उलटावी लागत नाहीत,
आणि पेर आलं की ती थांबते, मनगट फिरवते.
मी पेरापाशीच अडकलो.
तेविसाव्या जोडीत
दोन्ही वाक्यं खरी होती.

बाईंच्या नातीच्या पाचवीला सूप हवं होतं,
ते द्यायला आत्या प्रयोगशाळेत आली.
म्हटलं, बघतेस?
आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या.
मग मी दुसरी काच लावली:
त्याच बुरशीचे दुसरे बीजाणू,
पिशवीत न वाढलेले, उघड्यावर जन्मलेले, बिनलग्नाचे.
समोरून गोल, कडेवर उभे राहिले की मसुरासारखे चपटे,
सात मायक्रॉन, आठ, साडेसात.
अंग काळसर, आणि भोवती कडेनं
एक फिकी रेघ.

ती बराच वेळ हलली नाही.
‘ह्यांचा काठ बांधायचा राह्यलाय,’ म्हणाली.
‘काठ मोकळा सोडला की आतलं भाहीर येतं.’

मी पुस्तक उघडलं.
त्याच रेघेशी भिंत पातळ असते,
अंकुर तिथूनच फुटतो.
हे मला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं,
परीक्षेत आलंही होतं, चार मार्कांना.

कांबेचा तुकडा खाकी पाकिटात घातला.
यजमान: कळक. ठिकाण: हेळवाक.
गोळा करणारी: हौसा.
‘जळण न्हेलंस त्येचं काय?’ तिनं विचारलं,
आणि माझ्या खांद्यावरून वाकून
एकेक अक्षर लावत शेवटची ओळ वाचली:

जात: अजून ठरलेली नाही.

‘बरं हाय की त्यांचं,’ म्हणाली,
आणि सुपाचे पैसे मोजून घेतले.